छात्रसेनेचा गुरुजी कोण ठरवतो?

एनसीसीचा, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे होते ते कॅडेटबद्दल. अमक्याचा मुलगा दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराला गेला, तमक्याच्या मुलीला 'सी' सर्टिफिकेट मिळाले, कोणाला भरतीत त्याचे जादा गुण मिळाले. त्यांचे फोटो छापून येतात, वस्तीत सत्कार होतात आणि ते व्हायलाच हवेत. परंतु त्या मुलाला रांगेत उभे कोणी केले, शंभर मुलांमधून त्याचीच निवड कोणी केली, शिबिराच्या यादीत त्याचे नाव कोणी घातले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ज्याच्या हाती हे सगळे असते तो माणूस लष्करातून आलेला नसतो. तो त्याच शाळेत इतिहास, गणित किंवा मराठी शिकवणारा मास्तर असतो. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तो खाकी चढवतो आणि त्याला असोसिएट एनसीसी ऑफिसर, थोडक्यात एएनओ म्हणतात. हा एएनओ होतो कसा, त्याला कोण निवडतो आणि आपल्या शिक्षकांची नावे त्या यादीत किती, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

आधी कायदा पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. शाळा-महाविद्यालयांतील तरुणांसाठी देशपातळीवर छात्रसेना असावी, अशी शिफारस या समितीने केली. त्यातून राष्ट्रीय छात्रसेना कायदा, १९४८ आला. १६ एप्रिल १९४८ रोजी त्याला मंजुरी मिळाली आणि १५ जुलै १९४८ रोजी छात्रसेना सुरू झाली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग आला. त्या वेळी बाबासाहेब केंद्रात कायदामंत्री होते; पण हा विषय संरक्षण खात्याचा होता, तेव्हा ओढूनताणून त्याचे श्रेय त्यांच्याकडे नेण्याचे कारण नाही. आपल्याला पाहायचे आहे ते कायद्याचे नववे कलम. छात्रसेनेच्या तुकड्यांसाठी अधिकारी नेमण्याचा अधिकार हे कलम केंद्र सरकारला देते. हे अधिकारी विद्यापीठाच्या किंवा शाळेच्या कर्मचाऱ्यांमधून अथवा अन्य मार्गाने नेमता येतील, असे त्यात म्हटले आहे. 'अथवा अन्य मार्गाने' या शब्दांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. कायदा करणाऱ्यांनी दार शिक्षकांपुरतेच ठेवलेले नाही. व्यवहारात मात्र गेली पंचाहत्तर वर्षे या पदावर प्रामुख्याने शिक्षक आणि प्राध्यापकच आले.

आणि ते आले स्वेच्छेने. या संघटनेत सक्ती चालत नाही, हा धडा देशाने एकदा घेतलेला आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची करण्यात आली. कॅडेटची संख्या लाखांनी वाढली. पण शिकवणारी माणसे त्या प्रमाणात एका रात्रीत तयार होत नाहीत. मैदानावर गर्दी झाली, प्रशिक्षण पातळ झाले, हजेरीपुरती परेड उरली. अखेर १९६८ मध्ये सक्ती उठवावी लागली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना हा वेगळा पर्याय उभा राहिला. तेव्हापासून कॅडेटही स्वेच्छेचा आणि त्याचा गुरुजीही स्वेच्छेचा. स्वेच्छेच्या कामात जो पुढे होतो त्याला जागा मिळते. जो 'मला कोणी विचारले नाही' म्हणून घरी बसतो, त्याला कोणीही विचारायला येत नाही.

आता प्रत्यक्ष रीत समजून घेऊ, कारण आपल्यातील अनेक शिक्षकांना ती नीट ठाऊक नसते.

शाळेला किंवा महाविद्यालयाला एनसीसीची तुकडी मंजूर झालेली असावी लागते. शाळेतील तुकडीला ट्रूप म्हणतात आणि ती कनिष्ठ विभागात मोडते. महाविद्यालयातील तुकडी वरिष्ठ विभागात. एएनओची जागा रिकामी झाली की संस्थाप्रमुख, म्हणजे मुख्याध्यापक किंवा प्राचार्य, आपल्या कर्मचाऱ्यांपैकी इच्छुक आणि योग्य व्यक्तीचे नाव एनसीसी बटालियनकडे पाठवतात. सामान्यतः कायम सेवेतील शिक्षकाला पसंती असते. वयाची मर्यादा असते, शारीरिक क्षमता आणि वैद्यकीय तपासणी पाहिली जाते. स्वतः विद्यार्थी असताना 'बी' किंवा 'सी' सर्टिफिकेट मिळवलेले असेल तर त्याचे वजन पडते. बटालियनचे कमांडिंग ऑफिसर आणि वरिष्ठ अधिकारी मुलाखत घेतात. निवड आणि प्रशिक्षण होईपर्यंत जो शिक्षक तुकडी सांभाळतो त्याला केअरटेकर म्हणतात. त्याला हुद्दा नसतो. पण परेड घेण्यापासून फॉर्म भरण्यापर्यंतचे काम त्याच्याच गळ्यात असते, आणि पुष्कळदा पुढचा एएनओ यातूनच येतो.

निवड झाल्यावर येते प्रशिक्षण. स्थलसेना शाखेच्या पुरुष शिक्षकांसाठी हे प्रशिक्षण आपल्याच विदर्भात, नागपूरजवळ कामठीच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत होते. महिलांसाठीची अकॅडमी ग्वाल्हेरला आहे. काही आठवड्यांचे हे निवासी प्रशिक्षण असते. काल वर्गात खडू धरणारा माणूस तिथे पहाटे उठून धावतो, सावधान-विश्राम पहिल्यापासून शिकतो, रायफल उघडून जोडतो, नकाशावाचन करतो, शिबिराचा कारभार आणि हिशेब शिकतो. पस्तिशीतल्या माणसाला हे सोपे जात नाही. परंतु दीक्षांत संचलन करून तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्या खांद्यावर हुद्दा असतो. शाळेतल्या शिक्षकाची सुरुवात थर्ड ऑफिसर म्हणून होते. पुढे सेकंड, फर्स्ट आणि चीफ ऑफिसर. महाविद्यालयात लेफ्टनंटपासून सुरुवात होऊन कॅप्टन, मेजरपर्यंत जाता येते. त्यासाठी सेवेची वर्षे भरावी लागतात आणि मधे उजळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. हा हुद्दा छात्रसेनेचा आहे, नियमित लष्करातला नव्हे. मिळते ते मानधन, पगार शाळेचाच. छात्रसेनेत आल्यामुळे शिक्षकावर किंवा कॅडेटवर युद्धावर जाण्याचे बंधन येत नाही, हेही आपल्या आयाबहिणींना सांगायला हवे, कारण ही भीती वस्तीत अजून आहे.

या गुरुजीच्या हाती नेमके काय असते? बटालियनकडून सुभेदार, हवालदार असे लष्करी प्रशिक्षक येतात; कवायत आणि हत्याराचे शिक्षण मुख्यतः ते देतात. पण ते बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. मुलांना वर्षानुवर्षे ओळखणारा असतो तो एएनओ. वर्षाच्या सुरुवातीला भरती होते. शाळेच्या ट्रूपमध्ये साधारण शंभर जागा, त्याही दोन वर्षांच्या मुलांत वाटलेल्या; उमेदवार त्याहून कितीतरी अधिक. उंची, धाव, तोंडी प्रश्न या चाळणीत लष्करी माणसे असतात. परंतु कोणाला आधी माहिती मिळाली, कोणाची कागदपत्रे वेळेत पूर्ण झाली, कोणाला 'तू ये, मी आहे' असा धीर मिळाला, हे सारे शाळेतल्या गुरुजीवर अवलंबून असते. शिबिराला कोणाला पाठवायचे, कॅडेटमधून सार्जंट किंवा अंडर ऑफिसर कोणाला करायचे, यात त्याच्या शब्दाला वजन असते. सर्टिफिकेट परीक्षेला बसायला परेडची पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. ज्या मुलाचा बाप सुगीत ऊसतोडीला जातो आणि लेकरांना बरोबर नेतो, त्या मुलाची हजेरी भरून निघावी म्हणून धडपडणारा गुरुजी असेल तर ते मूल टिकते, नाहीतर त्याचे नाव कटते. रजिस्टरमध्ये तेवढाच शेरा पडतो: गैरहजर.

आणि नाव कटल्याने काय जाते? 'सी' सर्टिफिकेट असलेल्या पदवीधराला ठरावीक अटींवर लेखी परीक्षा न देता थेट सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीला बसण्याची, म्हणजे लष्करी अधिकारी होण्याची वाट आहे. अग्निवीर भरतीत जादा गुण आहेत. २०२१ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या धोरणानुसार एनसीसी हा महाविद्यालयात श्रेयांक मिळवून देणारा निवडीचा विषय होऊ शकतो. ज्या घरात शिकवणीच्या क्लासला पैसे नाहीत, त्या घरासाठी ही वाट फार मोलाची आहे. वाटेच्या तोंडाशी कोण उभा आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

आता मुद्द्यावर येतो. एएनओची नेमणूक बिंदुनामावलीतून होत नाही. शिक्षकाची मूळ नेमणूक आरक्षणाच्या रोस्टरने झालेली असते. एएनओ हे त्याच्यावर सोपवलेले जादा काम. त्यामुळे तिथे रोस्टर नाही, जाहिरात नाही, गुणवत्ता यादी नाही. आहे ती संस्थाप्रमुखाची शिफारस. म्हणजे एका सहीचा प्रश्न. ती सही कोणासाठी होते, हे संस्थेच्या वातावरणावर ठरते. वकिलीच्या धंद्यात अशी प्रकरणे माझ्यापर्यंत येतात. एका माध्यमिक शाळेतील तरुण शिक्षक, स्वतः 'सी' सर्टिफिकेटवाला, दोन वर्षे तोंडी विचारत राहिला. 'बघू, पुढच्या वेळी' हे उत्तर मिळत राहिले आणि एक दिवस दुसऱ्याचे नाव बटालियनकडे गेल्याचे त्याला शिपायाकडून कळले. दाद मागायची तर हाती कागद काय, असे मी विचारले. कागद एकही नव्हता. त्याने लेखी अर्ज केलेलाच नव्हता. संस्था म्हणू शकत होती की हा इच्छुक असल्याचे आम्हाला माहीतच नव्हते, आणि ते खोडून काढायला त्याच्याकडे काही नव्हते. अन्याय झालाच नाही, असे मी म्हणत नाही. परंतु ज्या अन्यायाचा कागद नाही, तो कोर्टात उभा राहत नाही.

लष्करी शिस्तीत शिकवणारा माणूस समाजाला काय देऊ शकतो, हे आपल्याला तरी कोणी सांगायला नको. सुभेदार रामजी सकपाळ यांनी लष्करी छावणीतल्या शाळेत शिकवण्याचे आणि मुख्याध्यापकाचे काम केले. शिक्षणाची गोडी त्यांच्या घरात आली ती त्या छावणीच्या शाळेतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा नुसत्या नोकऱ्या गेल्या नाहीत, तर नोकरीबरोबर मिळणारी शाळा आणि शाळेतला शिक्षकही गेला. म्हणूनच भरती पुन्हा सुरू व्हावी यासाठी गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांच्यापासून बाबासाहेबांपर्यंत सर्वांनी अर्ज-विनंत्यांचा पाठपुरावा केला. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली आणि १९४२ मध्ये दुसरी बटालियन उभी राहिली ती कामठीला. ज्या गावात आज छात्रसेनेचा गुरुजी घडतो, तेच हे कामठी. तिथल्या अकॅडमीच्या दाराशी आपल्या शिक्षकांनी संकोचाने उभे राहण्याचे काही कारण नाही.

महिला शिक्षकांचा प्रश्न वेगळा आणि अधिक कठीण आहे. आज छात्रसेनेतील मुलींचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे. मुलींच्या तुकडीला महिला एएनओ हवी असते, आणि प्रशिक्षणासाठी तिला काही आठवडे ग्वाल्हेरला राहावे लागते. लहान मूल, सासू-सासरे, घरचा स्वयंपाक हे सोडून ती कशी जाणार, असे घरातले म्हणतात आणि प्रश्न तिथेच संपतो. मग त्या शाळेतल्या मुलींची तुकडी एखाद्या केअरटेकरच्या भरवशावर रेटली जाते, किंवा मुली भरतीच होत नाहीत. महिला मेळाव्यात समतेवर भाषण करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरातील शिक्षिकेला ग्वाल्हेरला पाठवण्याची तयारी दाखवली, तर ते भाषणापेक्षा मोठे काम होईल. तेवढे दिवस पोळ्या कोण लाटणार, याचे उत्तर घरातल्या पुरुषांनी द्यायचे आहे.

काही मित्र विचारतात की, मुलांना लष्करी कवायतीत घालून आज्ञाधारक बनवायचे का? विचार करणारा कार्यकर्ता हवा की 'दहिने मुड' म्हटले की वळणारा पोरगा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर छात्रसेनेच्या अधिकृत उद्दिष्टांतच आहे. चारित्र्य, बंधुभाव, शिस्त, नेतृत्व, साहस आणि निःस्वार्थ सेवा यांच्या बरोबरीने त्यात 'धर्मनिरपेक्ष दृष्टिकोन' हे उद्दिष्ट स्पष्ट लिहिलेले आहे. आता हे उद्दिष्ट पुस्तकात राहायचे की मैदानावर उतरायचे, ते शिकवणाऱ्यावर ठरते. दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात वेगवेगळ्या शाळांची, जातींची, धर्मांची मुले एका तंबूत झोपतात, एका रांगेत ताट घेऊन उभी राहतात, एकाच पातेल्यातले खातात. ज्या मुलाने गावात वेगळी पंगत पाहिली आहे, त्याच्यासाठी ही रांग हाच मोठा धडा असतो. पण त्याच शिबिरात गुरुजी आडनाव विचारून कामे वाटू लागला, झाडलोट ठरावीक मुलांच्याच वाट्याला येऊ लागली, तर तो धडा उलटा होतो. रांग तीच राहते, तिचा अर्थ मात्र उभे करणारा माणूस ठरवतो. मैदान सोडून दिल्याने हा प्रश्न सुटणार नाही. मैदानावर योग्य माणूस उभा केल्यानेच सुटेल.

येत्या काळात हे दार आणखी रुंद होण्याची चिन्हे आहेत. २०२४ मध्ये केंद्र सरकारने छात्रसेनेत तीन लाख जागा वाढवण्यास मान्यता दिली. त्यामुळे मंजूर संख्या सतरा लाखांवरून वीस लाखांवर जाणार आहे. त्याच योजनेत माजी सैनिकांना एनसीसी प्रशिक्षक म्हणून एकत्रित मानधनावर घेण्याची तरतूद आहे. नवव्या कलमातील 'अथवा अन्य मार्गाने' या शब्दांचा अशा वेळी खरा उपयोग व्हायला हवा. आपल्या वस्त्यांमध्ये महार रेजिमेंटमधून आणि इतर दलांतून निवृत्त झालेले जवान, हवालदार, सुभेदार किती आहेत? चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त झालेली ही धडधाकट माणसे आज एटीएमबाहेर सुरक्षारक्षकाच्या खुर्चीत बसलेली दिसतात. शिकवण्याचा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांना रेजिमेंटमध्येच मिळालेला असतो. त्यांनी आपल्या जिल्ह्यातील सैनिक कल्याण कार्यालयात आणि जवळच्या एनसीसी बटालियनमध्ये जाऊन या योजनेची चौकशी करायला हवी. जाहिरात निघेल तेव्हा बघू, असे म्हणणाऱ्यांची पाळी नेहमी उशिरा येते.

मग नेमके करायचे काय? चळवळीतील शिक्षक, संघटना आणि पालकांसाठी काही गोष्टी स्पष्टपणे मांडतो.

ज्या शिक्षकाला एएनओ व्हायचे आहे त्याने आजच मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जात आपली पात्रता, जन्मतारीख, एनसीसी सर्टिफिकेट असल्यास त्याचा तपशील लिहावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. एक प्रत बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरांना पाठवावी. जागा रिकामी नसली तरी अर्ज दप्तरी राहू द्यावा. केअरटेकरचे काम आले तर ते बिनहुद्द्याचे म्हणून नाकारू नये. मात्र तोंडी आदेशावर न राहता लेखी आदेश मागावा. प्रशिक्षणाला जाताना तो काळ कर्तव्याचा धरला जाणार आहे, हे संस्थेकडून लेखी घ्यावे, म्हणजे पुढे रजेचा आणि वेतनवाढीचा वाद होणार नाही.

शिफारशीत डावलले गेल्याची शंका असेल, तर माहिती अधिकार कायदा, २००५ आपल्या हाती आहे. किती अर्ज आले, कोणाची शिफारस झाली, कोणत्या निकषावर झाली, हे अनुदानित संस्थेला आणि बटालियनला विचारता येते. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करता येते. हा अर्ज भांडणाच्या भाषेत लिहू नये. साधे, नेमके प्रश्न विचारावेत. अधिकारी रागाला उत्तर देत नाही, पण नेमक्या प्रश्नाला त्याला उत्तर द्यावे लागते.

जिथे तुकडीच नाही तिथल्या पालकांनी आणि शिक्षक संघटनांनी संस्थेला मागणीचा ठराव करायला लावावा. महाराष्ट्रात मुंबईतील दोन गटांसह पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर येथे एनसीसीची गट मुख्यालये आहेत. मागणी तिथपर्यंत पोहोचली पाहिजे. स्वयंअर्थसहाय्यित तुकडीचा पर्याय पुढे केला जातो, तेव्हा खर्च मुलांच्या खिशातून किती जाणार, हे आधी विचारावे. फी भरू न शकणाऱ्या मुलासाठी बंद असलेले मैदान आपल्याला नको.

आणि जे शिक्षक बांधव आज एएनओ आहेत, त्यांना एक विनंती. आपल्या निवृत्तीच्या आधी दोन-तीन वर्षे आपल्या जागी येऊ शकेल असा तरुण शिक्षक शोधून ठेवा, त्याला परेडला बरोबर न्या, अर्ज करायला लावा. आपण गेलो की तुकडी दुसऱ्याच्या ताब्यात जाते आणि वीस वर्षांची मेहनत एका सहीने पुसली जाते, हे अनेक ठिकाणी घडलेले आहे.

शिका आणि संघटित व्हा, हे आपण भिंतीवर लिहिले. शिकवण्याच्या जागा मात्र आपण दुसऱ्यांसाठी मोकळ्या सोडत आलो. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होईल तेव्हा मैदानावर भरतीची रांग लागेल. त्या रांगेत आपली पोरे उभी असतील, याची आता खात्री आहे. रांगेसमोर आपलाही माणूस असावा असे वाटत असेल, तर त्याचा अर्ज या महिन्यात मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेला पाहिजे, आणि त्याची पोच आपल्या खिशात असली पाहिजे.